जुन्या नाण्यांच्या खुणा

डहाणू तालुक्यातील वाणगाव मिरचीच्या पिकासाठी ओळखले जाते. बाजारात माल पाठविण्यापूर्वी शेतकरी तो निवडतो व त्याची प्रत ठरवितो. प्रत कळली म्हणजे दूरच्या व्यापाऱ्याला माल न पाहताही त्याचा अंदाज येतो. जुन्या नाण्यांच्या व्यापारातही अशाच प्रती ठरलेल्या आहेत. आता हा व्यापार इंटरनेटवरही चालतो. तेथे नाण्याचे चित्र दिसते. पण नाणे हाती घेऊन पाहता येत नाही. म्हणून विक्रेत्याने लिहिलेल्या खुणांचा अर्थ जाणणे अगत्याचे ठरते.

समजा, एका जाहिरातीत असे लिहिले आहे : ‘पंचम जॉर्ज, 1 रुपया, 1917, मुंबई, व्हीएफ, क्लीन्ड.’ यातील राजाचे नाव, नाण्याचे मूल्य आणि वर्ष ही सहज कळतात. ‘मुंबई’ हे टांकसाळीचे नाव होय. या रुपयाच्या मागील बाजूस खालच्या कमळाशी बारीकसा उठावदार ठिपका असेल, तर तो मुंबईत पाडलेला. ठिपका नसेल, तर कलकत्त्याचा. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर अशी खूण बहुधा वर्षाच्या आकड्याखाली असते. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा आणि गोल ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. एकाच वर्षाचे नाणे एका टांकसाळीत विपुल आणि दुसरीत थोडे पाडलेले असू शकते. त्यामुळे एवढ्याशा खुणेने किमतीत मोठा फरक पडतो.

पुढील अक्षरे नाण्याची झीज सांगतात. येथे शब्दांच्या नेहमीच्या अर्थावर विसंबून चालत नाही. ‘गुड’ म्हणजे चांगले, हे आपण शाळेत शिकतो; परंतु नाण्यांच्या व्यापारात ‘गुड’ म्हणजे फार झिजलेले, केवळ ठळक आकृती उरलेले नाणे. ‘फाइन’ त्याहून बरे. ‘व्हीएफ’ म्हणजे ‘व्हेरी फाइन’. त्यावर झीज थोडी असते. ‘एक्सएफ’ त्याहून सरस आणि ‘यूएनसी’ म्हणजे व्यवहारात कधीच न फिरलेले नाणे. काही विक्रेते अंकही लिहितात. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने 1949 साली 1 ते 70 अशी मोजपट्टी सुचविली. आज तिच्यातील 60 व त्यापुढील अंक न वापरलेल्या नाण्यांना देतात.

उरला शब्द ‘क्लीन्ड’, म्हणजे घासून उजळलेले. लक्ष्मीपूजनाला देवघरातील चांदीचा रुपया चिंचेने वा राखेने लख्ख करण्याचा प्रघात अनेक घरी आहे. पूजेसाठी ते योग्यच. पण घासण्याने नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो, तो पुन्हा येत नाही. म्हणून संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतात. तेव्हा घरात जुने नाणे सापडल्यास प्रथम ते घासू नये.

‘दुर्मिळ’ या शब्दाला मात्र कोणतेही माप नाही. तो कोणीही लिहू शकतो. राम-सीतेचे चित्र आणि 1818 साल असलेली ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून विकली जाणारी ‘नाणी’ कंपनीने कधीच पाडली नव्हती. तुमचे नाणे लाखो रुपयांना घेतो, पण आधी शुल्क भरा, असे सांगून लोकांना फसविण्याचे प्रकारही घडतात. असे लोक रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करीत. म्हणून 4 ऑगस्ट 2021 रोजी बँकेनेच जनतेला सावध केले की, अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही व त्यासाठी ती कधीही शुल्क मागत नाही.

मुलांनो, नाणे घेताना वडीलधाऱ्यांना सोबत घ्या. त्याच नाण्याच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ चित्रे मागा व वजन विचारा. 1917 चा रुपया टांकसाळीतून निघाला तेव्हा सुमारे 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा वजनाचा होता. झिजेने ते किंचित घटते, पण फार मोठी तफावत दिसली तर शंका घ्यावी. विक्रेत्याचे शब्द आणि नाण्यावरील खुणा जुळल्या, तरच व्यवहार करावा. शब्द खोटे लिहिता येतात. नाण्यावरची झीज मात्र पाहणाऱ्याला खरे तेच सांगते.