तालयंत्र आणि काँप्रेसर

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानांत दिवसभर राबून रात्रीं घरींच संगीत रचणाऱ्या तरुणापुढें एक प्रश्न हटकून येतो : तालयंत्रासाठीं पगारांत परवडेल असा काँप्रेसर कोणता घ्यावा?

काँप्रेसर हा आवाजावरील पहारेकरी होय. ठरलेली मर्यादा ओलांडणाऱ्या आवाजास तो आवरतो. प्रमाण चारास एक ठेवलें, तर मर्यादेपुढें ८ डेसिबल जाणारा ठोका २ डेसिबलच पुढें जातो. ढोलकीवाल्याचा हात कमीजास्त पडतो. तेथें हा पहारा आवश्यक. परंतु मुंबईच्या चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं रागांच्या साथीस घेतलेलें रोलंड टीआर-८०८ पाहावें. तें यंत्र सांगितल्या जोरानेंच ठोका देतें. म्हणून येथें काँप्रेसरचें मुख्य काम ठोक्यास आकार देण्याचें.

पकड घेण्याचा वेळ, म्हणजे अटॅक, २० ते ३० मिलिसेकंद ठेवल्यास आघाताची धार शाबूत राहून मागील गुंजन दबतें. १ मिलिसेकंद ठेवल्यास धारच बोथटते. पकड सोडण्याचा वेळ, म्हणजे रिलीज, पुढील ठोक्यापूर्वीं संपावा. मिनिटास १२० मात्रांच्या लयींत दोन मात्रांमध्यें ५०० मिलिसेकंद असतात. हे दोन्ही वेळ ज्यावर बदलतां येत नाहींत, तें यंत्र स्वस्त असूनही या कामीं महागच.

ध्वनिमुद्रणाच्या बहुतेक संगणक-प्रणालींत काँप्रेसर असतोच. प्रथम त्यावर कान तयार करावा. मात्र मोठा आवाज नेहमींच सरस भासतो. यास्तव पूर्वीचा व नंतरचा आवाज सारखा करूनच तुलना करावी. एवढ्यावरही उणीव जाणवली, तरच खिशास हात घालावा.