कुंटणखान्याची संगीतिका

टेक्सासमधल्या ला ग्रेंज गावाबाहेर ‘चिकन रँच’ नावाचा कुंटणखाना १९७३पर्यंत राजरोस चालत होता. १९३०च्या दशकातल्या मंदीत लोकांच्या हाती पैसा उरला नाही, तेव्हा मालकीण जेसी विल्यम्स पैशांऐवजी कोंबड्या घेऊ लागली आणि त्यावरून हे नाव पडले. पुढे हा धंदा एडना मिल्टनकडे आला. कायद्याने बंदी होती, पण शेरीफ जिम फ्लोर्नॉय यांनी काणाडोळा केला. अखेर ह्यूस्टनचे टीव्ही वार्ताहर मार्विन झिंडलर यांनी हे प्रकरण लावून धरले. गव्हर्नरांवर दबाव आला आणि १९७३च्या ऑगस्टमध्ये रँचला टाळे लागले.

लॅरी एल. किंग यांनी यावर १९७४ मध्ये ‘प्लेबॉय’ मासिकात लेख लिहिला. त्यातून ‘द बेस्ट लिटल व्होरहाउस इन टेक्सास’ ही संगीतिका उभी राहिली. संहिता किंग आणि पीटर मास्टरसन यांची, गीते व संगीत कॅरल हॉल यांचे, तर नृत्ये टॉमी ट्यून यांची. चौघेही टेक्सासचेच, त्यामुळे गावाची बोली आणि कंट्री संगीताचा बाज उसना वाटत नाही. नाटकातली मालकीण मोना, शेरीफ एड अर्ल आणि वार्ताहर मेल्विन थॉर्प ही खऱ्या माणसांवरून बेतलेली पात्रे आहेत.

ट्यून यांची कल्पकता एका नाचात विशेष दिसते. फुटबॉल सामन्यात नाचणाऱ्या मुलींचा ताफा दाखवायचा होता, पण नर्तकी मोजक्याच. त्यांनी प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढ्या बाहुल्या जोडल्या. एक मुलगी वळली की तिघी वळत, आणि थोड्या नर्तकींत रंगमंच भरून जाई.

‘हार्ड कँडी ख्रिसमस’ हे गाणे मात्र काळजाला भिडते. रँच बंद झाल्यावर मुली सामान बांधतात आणि पुढे कुठे जायचे, काय करायचे याची चाचपणी करतात. त्यांच्या आयुष्याचा खरा विचार इथे होतो. एरवी नाटकाचा जीव मालकिणीत आणि ढोंगी पुढाऱ्यांच्या फजितीत गुंतलेला. हे या संगीतिकेचे उणेपणच म्हणावे लागेल.

१९ जून १९७८ रोजी ती ब्रॉडवेवर आली आणि तिचे १५८४ प्रयोग झाले. कार्लिन ग्लिन आणि हेंडरसन फोर्साइथ यांना टोनी पुरस्कार मिळाले. खुद्द एडना मिल्टन यांनीही त्यात छोटी भूमिका केली. १९८२च्या चित्रपटात डॉली पार्टन मालकीण झाल्या. १९९४ मध्ये आलेला पुढचा भाग मात्र अवघ्या १६ प्रयोगांत बंद पडला.