आंबोलीचा भेक आणि आपला कोल्हा

सोयगावच्या शिवारात रात्री कोल्हेकुई ज्याच्या कानी पडली नाही असा माणूस विरळा. हाच कोल्हा पार आग्नेय युरोपापर्यंत आढळतो. उंदीर, खेकडे, बोरे, मक्याची कणसे, मेलेले जनावर, मिळेल त्यावर तो पोट भरतो. म्हणूनच तो सगळीकडे टिकला.

आता सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीचा दुर्मीळ भेक पाहा. भेक म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक. जांभ्या दगडाच्या सड्यावर पहिल्या पावसाचे पाणी साचते, त्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. तो सडा खणला गेला, तर त्याने जावे कुठे?

मग पुष्कळ असलेल्या कोल्ह्याची काळजी नको, असे समजू नका. मांसात विष घालून ठेवाल, तर आपली कुत्री-मांजरेही मरतील आणि उंदरांचे फावेल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्हा मारणे गुन्हा आहे. कणसे वाचवायची तर राखण करा, काटेरी कुंपण घाला. भेकाला त्याचा सडा हवा. कोल्ह्याला आपला थोडा संयम पुरे.