सावकारांची पेठ आणि तिचे शेजारी

चेन्नईच्या उच्च न्यायालयाच्या उत्तरेकडील रस्ता ओलांडला, की शहराची चाल एकदम बदलते. रुंद मार्ग मागे राहतात आणि अरुंद, सरळ गल्ल्यांचे जाळे सुरू होते. हाच जॉर्ज टाऊन. त्याच्या एका भागाला ‘सौकारपेट’ म्हणतात. मराठी माणसाला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. ‘सावकार’ आणि ‘पेठ’ हे दोन्ही शब्द त्याच्या घरचेच आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीला या किनाऱ्यावरील जागा १६३९ मध्ये मिळाली. पुढे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला आणि त्याच्या उत्तरेस विणकर, दुभाषे व व्यापारी यांची वस्ती झाली. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले. तटालगतची घरे शत्रूला आडोसा देतात, म्हणून प्रथम फ्रेंचांनी व मागाहून इंग्रजांनी ती पाडली. रहिवासी उत्तरेकडे मुत्तियालपेट व पेद्दनायकनपेट येथे सरकले. आजचे जॉर्ज टाऊन ते हेच.

हा शेजार आरंभापासून गोड होता असे मात्र नाही. त्या काळी तेथील जाती ‘उजव्या हाताच्या’ व ‘डाव्या हाताच्या’ अशा दोन तटांत विभागलेल्या होत्या. मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यावी यावरून दंगे होत. १७०७ च्या सुमारास गव्हर्नर टॉमस पिट याला दोन्ही तटांसाठी निरनिराळे रस्ते नेमून देण्याची वेळ आली. तेव्हा येथील सलोखा हा उपजत गुण नव्हे. तो व्यवहाराने शिकवलेला धडा आहे.

त्या धड्याच्या खुणा रस्तोरस्ती दिसतात. आर्मेनियन स्ट्रीटवर १७७२ चे आर्मेनियन चर्च आहे आणि त्याच रस्त्यावर कच्छालीश्वराचे देऊळही आहे. कोरल मर्चंट स्ट्रीट हे नाव पोवळ्यांचा व्यापार करणाऱ्या ज्यू लोकांची आठवण देते. तंबू चेट्टी स्ट्रीटवरील कालिकांबाळच्या मंदिरात १६७७ च्या दक्षिण स्वारीत शिवाजीमहाराज दर्शनास आले होते, असे मंदिराची परंपरा सांगते. गोडाऊन स्ट्रीट कापडाचा, अँडरसन स्ट्रीट कागदाचा. मिंट स्ट्रीटचे तमिळ नाव ‘तंगसालै’, म्हणजे टांकसाळ. गुजराती व मारवाडी व्यापारी घरात आपली भाषा बोलतात आणि गिऱ्हाइकाशी तमिळ. संध्याकाळी गाड्यांवर तमिळ मुरुक्कूच्या, म्हणजे आपल्या चकलीच्या, दोन चकत्यांमध्ये काकडी, टोमॅटो व चटणी घालून देतात. पेठेचा स्वभाव त्या एका घासात कळतो.

या शेजारात मराठी घरेही आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी हा दुष्काळी मुलूख. शेतीने पोट भरेना, तेव्हा तेथील माणसे सोन्याचांदीच्या गलाईचे काम शिकून देशभर पांगली. जुने दागिने मुशीत वितळवावेत, तेजाबाने हीण काढावे आणि शुद्ध धातू सराफाच्या हाती द्यावा, असा हा धंदा. परक्याचे सोने हाती घेणाऱ्याचे भांडवल एकच, विश्वास. आणि तो शेजारावाचून मिळत नाही.

हा शेजार टिकेल काय, हा खरा प्रश्न आहे. कोत्तवाल चावडीचा जुना भाजीबाजार १९९६ मध्ये कोयंबेडूला गेला. सुखवस्तू कुटुंबे किल्पॉक, वेपेरीकडे राहावयास गेली. चौकाच्या जुन्या घरांच्या जागी वखारी उभ्या राहत आहेत. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अशी येथील रीत होती. त्यामुळे दिवसा भावावरून हुज्जत घालणाऱ्यांना रात्री एकाच गल्लीत झोपावे लागे, आणि भांडण फार ताणता येत नसे. इमारती जतन करण्याचे उपाय ठाऊक आहेत. परंतु वरचे बिऱ्हाड उठले, तर खालच्या दुकानात माल राहील, गिऱ्हाईक राहील. शेजारी मात्र राहणार नाही.