विश्लेषण : बांगलादेशला जशास तसे उत्तर, पण पुढचा फटका कुणाला?

तुमच्या टी-शर्टच्या मानेमागची पट्टी बघा. त्यावर ‘मेड इन बांगलादेश’ असेल, तर तो पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल सीमेवरून ट्रकने आलेला असू शकतो. १७ मे २०२५ रोजी केंद्राने हा रस्ता बंद केला. बांगलादेशी तयार कपड्यांना फक्त कोलकाता आणि आपलं न्हावाशेवा ही दोन बंदरं उरली. न्हावाशेवाला यायचं, तर श्रीलंकेला वळसा घालून!

वाद इथवर कसा आला?

८ एप्रिलला भारताने बांगलादेशी मालाची आपल्या बंदरं-विमानतळांमार्गे इतर देशांत जाण्याची सवलत काढून घेतली. लगेच बांगलादेशने भारतीय सुताची जमिनीमार्गे होणारी आयात थांबवली. मग आपण कपडे अडवले, जूनमध्ये ताग. तागाला तर फक्त न्हावाशेवाच. गिरण्या हुगळीकाठी आणि माल उतरणार उरणला!

प्रत्युत्तर द्यावं का?

कपड्यांपुरता हिशेब आपल्या बाजूने दिसतो. वर्षाला सुमारे ७० कोटी डॉलरचे कपडे तिथून येत होते. ते महागले तर तिरुपूरच्या कारखान्यांना ऑर्डर मिळतील. शिवाय या आदेशाने २०११ पासूनच्या शुल्कमाफीला हात लावला नाही, फक्त वाट लांबवली. असा आदेश चर्चेत मागे घेणंही सोपं. इथवर उत्तर मापात आहे.

त्यापुढे मात्र गणित फिरतं. २०२४-२५ मध्ये आपण बांगलादेशला सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल विकला आणि जेमतेम २ अब्जांचा घेतला. जास्त विकणाऱ्यालाच जास्त गमवायचं असतं. त्यात कापूस आहे, सूत आहे, नाशिकचा कांदाही आहे.

कांद्याचा अनुभव ताजा आहे. २०१९, २०२० आणि २०२३ मध्ये देशातले भाव आवरायला केंद्राने निर्यात बंद केली. तो बदला नव्हता, तरी ढाक्यात भाव भडकले. २०१९ मध्ये दिल्लीत आलेल्या शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय, असं हसत हसत सुनावलं होतं. तेव्हा बांगलादेशने इजिप्त, तुर्की, पाकिस्तानातून कांदा आणला. संत्र्यांचं उलट झालं. बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेलं आणि नागपूर-अमरावतीच्या बागायतदारांना मोठ्या गिऱ्हाइकाकडे माल पाठवणं परवडेना.

सुताची वाट मोकळी करा, आम्ही कपड्यांची करतो, असा सौदा होऊ शकतो. तो करायचा, तर निर्बंधांची यादी कापूस-कांद्यापर्यंत पोहोचण्याआधी.