हिवाळ्याची बेगमी, शरदाची मेजवानी

आपल्याकडे बेगमी उन्हाळ्यात होते. पापड, कुरडया, सांडगे, लोणची, वर्षाचे तिखट असे सगळे मृगाच्या आत डब्यांत जायला हवे असते. क्रोएशियात हीच धांदल सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत असते, कारण तिथल्या गृहिणीला धास्ती असते ती बर्फाची. महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान असलेल्या या देशात शरद ऋतू म्हणजे कोबी मुरत घालायचा, आलुबुखार आटवायचा, द्राक्षे चिरडायची, ऑलिव्ह गाळायचे आणि शेवटी डुक्कर कापायचे. तिथले या ऋतूतले बहुतेक नावाजलेले पदार्थ या साठवणीच्या कामातूनच आले आहेत.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे म्लिन्त्सी. राजधानी झाग्रेबच्या उत्तरेला झागोर्ये नावाचा टेकड्याटेकड्यांचा प्रदेश आहे, तिथला हा पदार्थ. पीठ, मीठ, पाणी, क्वचित अंडे, एवढेच साहित्य. कणीक अगदी पातळ लाटायची आणि तापल्या पत्र्यावर किंवा भट्टीत इतकी भाजायची, की तपकिरी फोड येऊन ती पूर्ण कोरडी व्हावी. अशा पोळ्या कोरड्या जागी पुष्कळ दिवस टिकतात. नुसती तोंडात घातली तर लागेल ते फक्त भाजलेले पीठ. खरी गंमत पुढे आहे. पाहुणे यायच्या दिवशी त्या हाताने मोडतात, वेडेवाकडे तुकडे करतात आणि त्यांवर उकळते खारे पाणी ओततात. काही मिनिटांत तुकडे मऊ पडतात. पाणी निथळले, की ते थेट त्या तव्यात जातात, ज्यात टर्की किंवा हंस तासन्‌तास भाजला गेला आहे. तळाशी साठलेली चरबी, मांसाचा रस, कडेला चिकटलेली खरपूस खरवड हे सगळे ते तुकडे शोषून घेतात. ताटात मांस मोठ्या मानाने ठेवलेले असते, पण त्याची सगळी चव म्लिन्त्सीत उतरलेली असते. माझ्या मते क्रोएशियाच्या पाककलेचे मर्म एका पदार्थात दाखवायचे झाले, तर तो हाच.

हंस आणि म्लिन्त्सी यांचा मानाचा दिवस ११ नोव्हेंबर, म्हणजे संत मार्टिनचा सण. तिथे त्याला मार्तिन्ये म्हणतात. चौथ्या शतकातल्या या संताला लोकांनी बिशप करायचे ठरवले, तो हंसांच्या खुराड्यात लपला आणि हंसांनी कलकलाट करून त्याचा ठावठिकाणा उघड केला, अशी आख्यायिका युरोपभर सांगितली जाते. मार्टिनच्या दिवशी हंस भाजण्याची सांगड त्या आख्यायिकेशी घालतात. व्यवहारातले कारणही सरळ आहे. उन्हाळाभर आणि कापणीनंतरच्या शेतात चरून हंस तेव्हा पुरेसे माजलेले असतात आणि हिवाळाभर त्यांना दाणा घालणे परवडणारे नसते. याच सुमाराला सप्टेंबरात गाळलेल्या द्राक्षरसाचे आंबणे आटोपत येते. गावातला कुणी बिशपचा वेष करतो, गढूळ रसाला थट्टेथट्टेत ‘बाप्तिस्मा’ देतो आणि त्या क्षणापासून त्या रसाला वाइन म्हणायचे. वर्षभराच्या कष्टांनंतरचा हा मोकळेपणा आहे, आणि खेडोपाड्यांत तो आजही मनापासून पाळला जातो.

याच उत्तर भागात भोपळ्याचा मोठा बोलबाला. मेजिमुर्ये, वराज्दिन, पोद्राविना या पट्ट्यात जो भोपळा लावतात, त्याच्या बियांना टणक साल नसते, फक्त हिरवे पातळ आवरण असते. या बिया वाळवून दळतात, थोडे पाणी व मीठ घालून भाजतात आणि गरम असतानाच दाबून तेल काढतात. एक लिटर तेलाला अंदाजे अडीच ते तीन किलो बिया लागतात. तेल इतके गडद हिरवे, की बाटलीत काळे दिसते आणि उजेडात धरले तर कडेला लालसर झाक मारते. ते तापवायचे नसते, सॅलडवर किंवा ताज्या चीजवर कच्चेच घालायचे. भोपळ्याचा गरही वाया जात नाही. किसलेला भोपळा, ताजे चीज, कधी खसखस असे सारण पातळ ताणलेल्या पिठात गुंडाळून भाजले, की झाली बुचनित्सा.

तिथून पश्चिमेला, एड्रियाटिक समुद्रात घुसलेल्या इस्त्रिया द्वीपकल्पात शरदाची श्रीमंती जमिनीखाली असते. मिर्ना नदीच्या खोऱ्यात, मोतोवुन या टेकडीवरच्या गावाच्या पायथ्याशी ओकचे ओलसर जंगल आहे. तिथल्या झाडांच्या मुळांशी सहजीवन करणारी एक बुरशी जमिनीतच फळ धरते, ती पांढरी ट्रफल. वर काही उगवत नाही, म्हणून डोळ्यांना सुगावा लागणे अशक्य. पण पिकल्यावर ती इतका उग्र गंध सोडते, की प्राणी तिला उकरून खातात आणि तिचे बीजाणू पसरवतात. माणसाने यात कुत्र्याला सामील करून घेतले. शिकवलेला कुत्रा नाक जमिनीला लावून फिरतो, एका जागी थबकतो आणि पंजाने माती उडवू लागतो. मालक लगेच त्याला बाजूला करून खाऊ देतो आणि उरलेली माती अरुंद फावड्याने हलकेच काढतो. ट्रफल हाती आली, की खड्डा पुन्हा बुजवायचा, नाहीतर मुळांभोवतीचे बुरशीचे जाळे सुकते आणि पुढच्या वर्षी तिथे काही मिळत नाही. या कामाला परवाना लागतो.

२ नोव्हेंबर १९९९ रोजी बुये गावाजवळ जानकार्लो झिगांते आणि त्यांची कुत्री डियाना यांना १.३१ किलोची पांढरी ट्रफल सापडली. तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली आणि इस्त्रियाचे नाव खवय्यांच्या नकाशावर आले. झिगांते यांनी ती विकली नाही, मेजवानी देऊन पाहुण्यांना खाऊ घातली, याचे मला फार कौतुक वाटते. पांढरी ट्रफल शिजवत नाहीत, उष्णतेने तिचा गंध उडतो. फ्रिताया नावाचे मऊसर ऑम्लेट किंवा फुझी हा सुरळीच्या आकाराचा घरगुती पास्ता गरमागरम वाढायचा आणि त्यावर तिचे कागदाइतके पातळ काप पाडायचे. सोबतीला अंडे, लोणी, पीठ यांहून भारी काही लागत नाही.

इस्त्रियाच्या पूर्व कडेला १,४०१ मीटर उंचीचा उच्का पर्वत थेट समुद्राकडे उतरतो. त्याच्या उतारावर, लोवरानच्या परिसरात मारुनी जातीचे टपोरे गोड चेस्टनट पिकतात आणि ऑक्टोबरात त्यांचा उत्सव भरतो. झाग्रेबच्या रस्त्यांवर याच दिवसांत भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागतात.

दक्षिणेला दाल्मातियात चरबीची जागा ऑलिव्ह तेल घेते. ह्वार बेटावर स्तारी ग्राद गावालगत जे मैदान आहे, तिथे इ. स. पू. ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी जमिनीचे आखीव तुकडे पाडले. दगडी बांधांची ती आखणी आजही टिकून आहे आणि त्यांत अजून द्राक्षे व ऑलिव्हच पिकतात. युनेस्कोने २००८ मध्ये या मैदानाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळे कुटुंब ऑलिव्ह तोडायला लागते. तोडलेली फळे पडून राहिली तर आंबतात, म्हणून घाण्यावर नेण्याची घाई असते. नवे तेल कडवट असते आणि गिळताना घशाशी झणझणते. हा दोष समजायचा नाही, ताजेपणाची ती खूण आहे. आणखी दक्षिणेला नेरेत्वा नदीच्या मुखाशी, पूर्वीच्या दलदलीत कालवे खणून केलेल्या बागांत याच वेळी मँडरीन संत्री पिकतात. मूळची जपानी असलेली ती उन्शिऊ जात आता तिथली ओळख झाली आहे आणि २०१५ पासून तिच्या नावाला युरोपीय संघाचे संरक्षण आहे.

पुन्हा डोंगराकडे वळायला हवे, कारण कोबीला वगळून हा ऋतू पुरा होत नाही. ओगुलिनच्या थंड पठारावर पिकणाऱ्या कोबीचे अख्खे गड्डे मुरवतात. मधला दांडा कोरून त्या खळगीत मीठ भरायचे, गड्डे पिंपात दाटीने रचायचे, खारे पाणी ओतून वर दगड ठेवायचा. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू उरलेले काम चार-सहा आठवड्यांत करतात. या आंबट पानांत खिमा आणि तांदूळ गुंडाळून, खारवलेल्या धुरकट मांसासोबत मंद आचेवर शिजवला, की सार्मा होते. तुर्कांकडून आलेला हा पदार्थ आता त्यांच्या घरचाच झाला आहे, आणि दुसऱ्या दिवशी गरम केलेली सार्मा जास्त चांगली लागते यावर तिथे दुमत नाही.

पूर्वेच्या स्लावोनियात अंगणात मोठी कढई चढवून आलुबुखाराचा पेकमेझ आटवतात. साखर घालत नाहीत, फळाचीच गोडी पुरते, पण दिवसभर लांब दांड्याच्या लाकडी उलथन्याने ढवळत राहावे लागते, कारण शेवटी शेवटी तो क्षणात करपतो. मग कडाक्याची थंडी पडली, की डुक्कर कापण्याचा दिवस येतो. शेजारीपाजारी मदतीला जमतात. चरबी कढवून कुरकुरीत च्वार्त्सी त्याच दिवशी खातात, पण निवडक मांस बाजूला ठेवतात ते कुलेनसाठी. त्यात मीठ, लसूण आणि भरपूर लाल मिरची. अमेरिकेतली ही मिरची कोकणात पोर्तुगीजांनी आणली, स्लावोनियात ती ऑटोमन तुर्कांच्या वाटेने पोचली. हे मिश्रण डुकराच्या आंधळ्या आतड्यात ठासून भरतात, हॉर्नबीम किंवा बीचच्या लाकडाच्या थंड धुरात आठवडेच्या आठवडे टांगतात आणि मग हवेत मुरू देतात. नोव्हेंबरात भरलेला कुलेन निदान पाच महिने कापायचा नसतो. जाडजूड आणि चांगला भरलेला असेल, तर घरातली वडीलधारी माणसे त्याला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, गव्हाच्या कापणीपर्यंत हात लावू देत नाहीत.