गाडीची धुलाई आणि घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'घसारा' शब्द नवा नाही. आयकराच्या नियमांप्रमाणे साध्या मोटारीवर दरसाल १५ टक्के आणि भाड्याने चालणाऱ्या गाडीवर ३० टक्के घसारा धरतात, हे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. पण या शब्दात 'घासणे' लपलेले आहे, हे मला बाबांच्या टॅक्सीमुळे उमगले.

आमची गाडी काळी-पिवळी. म्हापशाहून कळंगुट, हणजूण, आणि २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकडेही तिच्या फेऱ्या होतात. बँकेचे हप्ते अजून तीन वर्षे आहेत. पुढे ती विकायला काढू तेव्हा गिऱ्हाईक आधी बॉनेटकडे उन्हात तिरपे पाहणार, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसले की किंमत पाडणार. हे ओरखडे बहुतेक रस्त्यावर पडत नाहीत, ते धुताना पडतात. म्हणून रविवारची धुलाई मी अंगावर घेतली तेव्हा सामानाची यादी चकाकी आणण्यासाठी नव्हे, तर ओरखडे टाळण्यासाठी केली.

हल्लीच्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहून कमी. आणि आपल्याकडची धूळ कसली, तर जांभ्या दगडाची. तिच्यात लोहाचे ऑक्साइड असते आणि गारेचे कणही. कठीणपणाच्या दहा अंकी मापात गारेचा अंक ७ आहे, तिच्यापुढे लॅकर अगदी मऊ. डिचोलीकडच्या खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या तरी रस्त्याकडेची तांबडी माती काही गेली नाही. आता तर काही खाणी परत चालू झाल्या आहेत. (या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र तिला 'धूळु' म्हणतात. नावात फारसा फरक नाही, गुणात तर नाहीच.) अशा धुळीवर सकाळी कोरडे फडके मारणे म्हणजे रोज थोडे सँडपेपर फिरवणे. टॅक्सीवाले हे प्रेमाने करतात, म्हणून सांगायला संकोच वाटतो.

तेव्हा पहिली खरेदी बालद्यांची, आणि त्या दोन हव्यात. एकीत शांपूचे पाणी, दुसरीत नुसते पाणी. फडके गाडीवरून फिरवले की आधी साध्या पाण्यात खळबळून धूळ सोडायची, मगच शांपूत बुडवायचे. चार खेपांनंतर दुसऱ्या बालदीचा तळ पाहावा. तांबडा गाळ बसलेला असतो. एकच बालदी असती तर तो गाळ परत बॉनेटवर गेला असता.

दुसरी खरेदी मायक्रोफायबरच्या फडक्यांची. येथे मात्र हात आखडू नये. जुन्या बनियनच्या सुती कापडात कण पृष्ठभागावरच राहतात आणि घासले जातात. मायक्रोफायबरच्या दाट तंतूंत ते आत शिरतात. सहा फडकी पुरतात, पण चाकांचे फडके कायमचे वेगळे, कारण तेथे ब्रेकची लोखंडी भुकटी असते. ही फडकी धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये, तंतूंवर थर बसून ती पाणी शोषेनाशी होतात.

शांपू गाडीचाच घ्यावा. कपड्यांची पावडर क्षारयुक्त असते, ती मळाबरोबर मेणाचा थरही काढून नेते. लिटरला मी साडेतीनशे रुपये दिले. एका धुण्याला ३० मिलिलिटर लागतो, म्हणजे तेहेतीस धुणी, दर धुण्यामागे अकरा रुपयांच्या आत. बालद्या, फडकी, हातमोजा आणि चाकांचा ब्रश धरून सगळा खर्च तेराशे-चौदाशेत बसला.

रबिंग पॉलिश मी मुद्दाम घेतले नाही. ते ओरखडा भरत नाही, ओरखड्याभोवतीचा लॅकर खरवडून सपाट करते. ५० मायक्रॉनच्या भांडवलातून दरवेळी थोडी उचल केल्यासारखेच ते. टायर काळे दिसावेत म्हणून डिझेल लावण्याची जी पद्धत आहे, तीही नको. खनिज तेलाने रबर फुगते.

धुण्याची वेळ सकाळची, आणि गाडी सावलीत; मात्र मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली नको. तुडतुड्यांचा चिकट स्राव टपावर पडतो, त्यावर धूळ बसते आणि मग घासावेच लागते. तसा डाग पडलाच तर ओले फडके दहा मिनिटे त्यावर ठेवून द्यावे, तो आपोआप सुटतो. कावळ्याच्या विष्ठेलाही हाच उपाय, पण त्याच दिवशी.

मेणाचा डबा यादीत शेवटी आहे. तो मे महिन्यात घेणार आहे, पावसाच्या आधी.